असईचा हत्ती इनव्हरनेसजवळ भेटला

स्कॉटलंडला जाणार असाल तर कॅसल थोडे कमी बघा. शिव्या घालायच्या असतील तर शेवटपर्यंत वाचून घाला.

लेक ग्लासगोत शिकते. मे महिन्यात गाडी भाड्याने घेऊन आम्ही तिघं आठ दिवस फिरलो. तिकडेही डावीकडूनच चालवायचं, म्हणून नवरा खुशीत होता. उत्तरेकडच्या डोंगराळ हायलँड्समध्ये शिरल्यावर रस्ता एका गाडीपुरता उरला आणि खुशी उतरली. समोरून कुणी आलं की बाजूच्या 'पासिंग प्लेस'मध्ये थांबायचं, हात करायचा, पुढे जायचं. मेंढ्या हा नियम पाळत नाहीत.

कॅसलला आपण सरसकट किल्ला म्हणतो. राजगड चढलेल्या माणसाला त्यातले बरेचसे गढी वाटतील. स्टर्लिंग आणि एडिनबरा सोडा, ते खरोखर कातळावर बसलेत. पण कॅलेंडरवर हमखास असतो तो पाण्यातला, पुलाचा आयलन डोनन? तो १७१९ साली ब्रिटिश नौदलाने तोफा डागून आणि सुरुंग लावून उडवला. दोनशे वर्षं नुसते भग्नावशेष. आज दिसतो तो १९१२ ते १९३२ मध्ये उभा केलेला. देखणा आहे, नाही कोण म्हणतं! पण मला लॉख नेस तळ्याच्या काठचा पडका अर्कहार्ट जास्त आवडला. पडलाय तर पडलाय.

आणि मग कलोडन. इनव्हरनेसजवळचा एक ओसाड, ओलसर माळ. १६ एप्रिल १७४६ रोजी इथे ब्रिटनच्या गादीवर हक्क सांगणाऱ्या राजपुत्र चार्ल्स स्टुअर्टचं जॅकोबाइट, म्हणजे स्टुअर्ट घराण्याच्या बाजूचं, सैन्य तासाभराच्या आत संपलं. बंदुका आणि तोफांसमोर चिखलातून तलवारी घेऊन धावायचं, दुसरं काय होणार? त्यांची दीड हजाराच्या आसपास माणसं पडली. समोर सरकारी फौज घेऊन आलेल्या ड्यूक ऑफ कम्बरलंडची मेली ती पन्नासेक. राजपुत्र निसटला. माळावर लाल आणि निळे झेंडे लावलेत: लाल सरकारी फौजेची रांग, निळी जॅकोबाइटांची. दोन रांगांमधलं अंतर स्वतःच्या पायांनी चालायचं. मी चालले तेव्हा मध्येच बूट रुतला. बाकी काही नाही, ठिकठिकाणी कुळांची नावं कोरलेले दगड. एकावर 'मिश्र कुळं' एवढंच. म्हणजे कोण कुणाचा ते ओळखूच आलं नाही. पानिपत डोक्यात आल्याशिवाय राहत नाही. तेही पंधराच वर्षांनंतरचं.

हरल्यावर कायदा आला: हायलँडचा पोशाख घालायचा नाही. किल्ट बंद. १७८२ पर्यंत. एकच पळवाट होती, राजाच्या सैन्यात भरती व्हा, मग घाला. ज्याने बाप मारला त्याच्याच पलटणीत पोरगा.

जवळच फोर्ट जॉर्ज आहे. पुन्हा बंड झालंच तर, म्हणून १७४८ ते १७६९ एकवीस वर्षं बांधला, आणि त्यावर कधी हल्लाच झाला नाही. अजून तिथे लष्कर असतं. आतल्या हायलँडर्सच्या संग्रहालयात मी कंटाळून बिल्ले बघत होते. एका बिल्ल्यावर चक्क हत्ती, आणि वर इंग्रजीत 'असई'. माझ्या जालन्याची असई!

भोकरदन तालुका, केळना आणि जुई नद्यांची बेचकी, २३ सप्टेंबर १८०३. दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांसमोर इंग्रज सेनापती वेलस्ली, आणि त्याच्यासोबत ७४ वी आणि ७८ वी हायलँडर पलटण. शिंद्यांच्या तोफांनी ७४ वी जवळजवळ कापून काढली. मेलेली-जखमी मिळून एकूण दीड हजारावर माणसं वेलस्लीला मोजावी लागली. ७८ वी तर १७९३ मध्ये या फोर्ट जॉर्जमध्येच जमली होती. कलोडननंतर पन्नासेक वर्षांत तिथल्या कुळांची नातवंडं आमच्या मराठवाड्यात शिंद्यांच्या तोफांवर चालून आली, आणि त्यांच्या गळपट्टीवर आमचा हत्ती बसला. त्या काचेसमोरून मी बराच वेळ हलले नाही. लेक म्हणाली, आई, संग्रहालय बंद होतंय.

शाळेत असताना आमच्या सहली वेरूळला गेल्या, दौलताबादला दोनदा गेल्या. असईला एकदाही नाही. घरापासून दोन तासही लागत नाहीत.

दिवाळीत माहेरी जाणार आहे. भावाला फोनवर सांगितलं तर म्हणे, "ताई, तिथं काय बघणार? कपाशी आहे नुसती."

म्हटलं, तू गाडीत डिझेल भरून ठेव.