‘तिकडे असं नसतं’ म्हणणाऱ्यांना

रिझर्व्ह बँकेने २०२४-२५ साठी केंद्र सरकारला सुमारे २ लाख ६९ हजार कोटींचा लाभांश दिला, तेव्हापासून आमच्या चुलतभावंडांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच वाद धुमसतोय. दादाचं म्हणणं, सरकार बँकांना ओरबाडतंय, एसएलआरच्या (ठेवींचा ठरावीक हिस्सा मुख्यतः सरकारी रोख्यांत ठेवायची बँकांवरची सक्ती) नावाखाली ठेवीदारांचा पैसा रोख्यांत अडकवतंय आणि ‘तिकडे इंग्लंडमध्ये असं नसतं.’ हे शेवटचं वाक्य मला झोंबलं.

मी राहतो त्या इंग्लंडमध्ये बँकेने सरकारला कर्ज देणं ३०० वर्षांहून जास्त काळ चालू आहे. १६९४ साली तिसऱ्या विल्यमला फ्रान्सशी लढायला पैसा हवा होता. १२ लाख पौंड ८ टक्क्यांनी देणाऱ्या धनकोंना जी सनद मिळाली, तीच बँक ऑफ इंग्लंड. सरकारला कर्ज देण्यासाठीच ती जन्माला आली. १६७२ मध्ये दुसऱ्या चार्ल्सने खजिन्यातली परतफेड थांबवून लंडनच्या सराफांना पार बुडवलं होतं. तरीही लोक पुन्हा पुढे आले, कारण या वेळी जहाजं आणि बिअरवरचा कर पार्लमेंटने कायदा करून व्याजासाठी बांधून दिला होता. आपला पहिला बाजीराव त्याचे गुरू ब्रह्मेंद्रस्वामी यांच्याकडून घेतलेल्या कर्जापायी कायम तगाद्याखाली असे. पराक्रमात तो कोणाला हार जाणारा नव्हता, पण त्याचं कर्ज पेशव्याच्या शब्दावर चालायचं. त्यामागे पार्लमेंट नव्हतं, ठरलेला कर नव्हता. हे लिहिताना आजही जीव तुटतो.

दादाचा राग पूर्ण चुकीचा नाही. १९९० च्या सुमारास एसएलआर ३८.५ टक्के होता. शंभर रुपयांच्या ठेवीतले साडेअडतीस रुपये मुख्यतः सरकारी रोख्यांत, आणि १९९७ पर्यंत तूट भरायला सरकार रिझर्व्ह बँकेला ॲड-हॉक ट्रेझरी बिलं (अल्पमुदतीची कर्जपत्रं) देऊन पैसा घ्यायचं. आता एसएलआर १८ टक्के आहे. इथल्या बँकाही तरलतेच्या नियमांसाठी गिल्ट्स (ब्रिटिश सरकारचे रोखे) बाळगतातच, फक्त त्याला कोणी लूट म्हणत नाही.

खरा फरक मी सप्टेंबर २०२२ मध्ये पाहिला. खर्चाचा मेळ न घालता सरकारने करकपात जाहीर केली, गिल्ट्स कोसळले, पेन्शन फंड अडचणीत आले आणि बँक ऑफ इंग्लंडला खरेदीला उतरावं लागलं. आमच्या गृहकर्जाच्या ठरावीक व्याजदराची मुदत त्याच सुमारास संपत होती. ब्रोकर सकाळी एक दर सांगायचा, संध्याकाळी दुसरा. महिन्याभरात पंतप्रधान लिझ ट्रस यांनी राजीनामा जाहीर केला. धनको हात आखडता घेऊ शकतो, हे इथल्या सरकारला चांगलं ठाऊक आहे. पुण्यातल्या बँकेत एफडी ठेवणाऱ्या माझ्या आईला मात्र आपण दिल्लीला कर्ज देतोय याचीच कल्पना नाही. मग ती नाही कशी म्हणणार?

आणि मी? माझ्या पेस्लिपमधून कापली जाणारी पेन्शन थोडीफार गिल्ट्समध्ये जाते. त्या सरकारला मी कर देतो आणि मतही देतो. भारतात माझी एनआरई (परदेशस्थ भारतीयांसाठीची) ठेव आहे, तिच्यातूनही रोखे घेतले जातातच. पण तिचं व्याज भारतात करमुक्त, आणि रोख्यांचं व्याज ज्या करांतून फिटतं ते दादा भरतो. ज्या देशाला मी रोज ‘आपला’ म्हणतो, त्याच्या कर्जाचा मी फक्त धनको आहे, त्याचं ओझं माझ्या अंगावर नाही. हे मला आतून खातं.

म्हणूनच दादाला माझं सांगणं आहे, भांडण या १८ टक्क्यांवरून कर. ते आणखी किती खाली आणणार आणि आपल्या ठेवीतलं किती सरकारकडे जातं हे बँक आईला पासबुकावर दाखवणार का, हे तुमच्या खासदाराला विचार. ते विचारायचा हक्क तुला आहे, मी तो सोडून आलो.