ऋतुपर्ण गेला, गेली, गेले

३० मे जवळ आला की मला बंगाली सिनेदिग्दर्शक ऋतुपर्ण घोष आठवतात. दरवर्षी एक पोस्ट डोक्यात घोळते आणि लिहायची राहून जाते. यंदा लिहितेच. लांबणार आहे, आधीच सांगते.

२०१३ साली बातमी आली ती सकाळीच, कोलकात्यात राहत्या घरी हार्ट अटॅकने गेले, वय ४९, पन्नाशीला तीन महिने बाकी. मग दिवसभर टीव्हीवर तेच, नंदन या तिथल्या सरकारी सिनेमागृहाच्या आवारात माणसांची रीघ, सिरिटीच्या स्मशानात पोलिसांच्या बंदुकांची सलामी. सगळे हळहळत होते. 'उनिशे एप्रिल', 'चोखेर बाली', 'रेनकोट' ही नावं परत परत येत होती, आणि एक वाक्य तर जो तो बोलत होता की बाईचं मन असं ओळखणारा दिग्दर्शक परत होणे नाही. सगळं खरं, एक अक्षर खोटं नाही. पण मी वाट बघत बसले होते की कुणीतरी त्या नटाबद्दल बोलेल. शेवटच्या तीन वर्षांत जो माणूस कॅमेऱ्यामागून उठून कॅमेऱ्यासमोर येऊन उभा राहिला, काजळ घालून, कानात डूल घालून, स्वतःचं शरीर घेऊन, त्याच्याबद्दल. ते कुणी फारसं बोललंच नाही. आणि जे बोलले ते असं बोलले की कशाला शरीराशी खेळायचं, कशाला ती हार्मोन्स, एवढा हुशार माणूस हकनाक गेला. डायबेटिस होता, पॅन्क्रियाटायटिस होता, ते कुणाला नको होतं, लोकांना मरणाचं कारण सुद्धा त्यांच्या 'तसल्या' असण्यातच शोधायचं होतं. मला ते फार लागलं, अजून लागतं.

म्हणून मला दिग्दर्शकाबद्दल लिहायचंच नाहीये. राष्ट्रीय पुरस्कारांची यादी कुठेही मिळेल.

तीन सिनेमे. २०१० चा 'आरेकटि प्रेमेर गल्पो' (कौशिक गांगुलींचा), २०११ चा 'मेमरीज इन मार्च' (संजय नाग यांचा, लिहिलेला ऋतुपर्ण यांनीच), आणि २०१२ चा 'चित्रांगदा', जो त्यांनी स्वतःच दिग्दर्शित केला आणि ज्याला २०१३ साली राष्ट्रीय पुरस्कारांत स्पेशल ज्युरी मिळालं. आता या वर्षांकडे जरा बघा. समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमाविरुद्ध दिल्ली हायकोर्टाने निकाल दिला २ जुलै २००९ ला, आणि सुप्रीम कोर्टाने तो फिरवला ११ डिसेंबर २०१३ ला. म्हणजे जेमतेम साडेचार वर्षांसाठी एक खिडकी उघडली होती, आणि हे तिन्ही सिनेमे त्या खिडकीतून आलेत. खिडकी परत बंद झाली ते बघायला ऋतुपर्ण नव्हते. एप्रिल २०१४ ला तृतीयपंथी माणसांना कायद्याने मान्यता मिळाली, तेव्हाही नव्हते, आणि सप्टेंबर २०१८ ला ३७७ चा तो भाग खरोखर गेला तेव्हा तर त्यांना जाऊन पाच वर्षं झाली होती. जे केलं ते त्या मधल्या वेळात करून टाकलं, थांबले नाहीत. थांबले असते तर काहीच उरलं नसतं.

पहिल्या सिनेमात ते अभिरूप नावाच्या दिग्दर्शकाचं काम करतात, जो चपल भादुरींवर डॉक्युमेंटरी काढतोय. चपल भादुरी हे खरे, जात्रेत, म्हणजे बंगालच्या लोकनाट्यात, बायकांची कामं करणारे मोठे नट, सिनेमात ते स्वतः आहेत. जात्रेत खऱ्या बायका यायला लागल्या आणि या नटांची कामं गेली. आणि तरुणपणीच्या चपलचं काम परत ऋतुपर्णच करतात! एकीकडे डोक्यावरचे केस काढलेला आजचा माणूस, दुसरीकडे साडीतला, लांब केसांचा, पन्नास वर्षांपूर्वीचा. बघताना मला सारखे बालगंधर्व आठवत होते. आपल्याकडे बालगंधर्वांचं बघून घराघरातल्या बायका साडी नेसायला शिकल्या, त्यांना डोक्यावर घेतलं, पण तो पडदा पडेपर्यंतचा सौदा होता. पडदा पडल्यावरही जो तसाच राहतो त्याचं काय करायचं ते आपल्याला कधी कळलं नाही.

आणि इथे मला गणपत पाटील आठवतात. आमच्या कोल्हापूरचे. तमाशापटातला नाच्या म्हटलं की तेच, 'आत्ता गं बया' म्हणून टाळी वाजवली की थिएटर हसून लोळायचं. चांगला बायकापोरांचा संसार असलेला माणूस, पण लोकांनी भूमिका आणि माणूस यात फरक केला नाही आणि त्याचा त्रास घरच्यांनाही झाला. २००८ साली ते गेले, पण त्यांचं नाव शिवी म्हणून अजून शिल्लक आहे. बंगालमध्ये अगदी हेच 'ऋतुपर्ण' या नावाचं झालं, जरा नाजूक चालणारा मुलगा दिसला की ए ऋतुपर्ण! दोन भाषा, दोन नट, आणि दोघांची नावं पोरांना चिडवायला वापरली गेली.

आमच्या वर्गात होता असा एक. कोपऱ्यावरच्या शिंपीकाकांचा मुलगा. सातवीच्या गॅदरिंगला त्याने लावणी केली होती, काकांनी स्वतः मशीनवर बसून त्याला जरीच्या काठाचं नऊवारी शिवून दिलं होतं, आणि इतका सुंदर नाचला होता तो की वन्समोअर आला, हेडसरांनी स्टेजवर जाऊन ५१ रुपये दिले. सोमवारी शाळेत आला तर नखांवरचा लाल रंग नीट निघाला नव्हता. कडेकडेने राहिला होता थोडा. तेवढं पुरलं. 'गणपत पाटील' सुरू झालं ते दहावीपर्यंत. मी सुद्धा हसलेय. एकदा नाही, खूपदा. शनिवारी टाळ्या वाजवणारे हात आणि सोमवारी हसणारी तोंडं एकाच माणसांची होती हे मला कळायला वीस वर्षं लागली.

कळलं ते एका टीव्ही कार्यक्रमामुळे. 'घोष अँड कंपनी' नावाचा ऋतुपर्ण यांचा स्वतःचा शो होता, त्यात त्यांनी मीर या नकलाकाराला बोलावलं. मीर ऋतुपर्ण यांची नक्कल करून खूप हशा मिळवायचा. त्याला समोर बसवून ते विचारतात, तू नक्कल करतोस ती माझी करतोस की कुठल्याही बायकी पुरुषाची? आणि तू हे करतोस तेव्हा कोलकात्यातल्या माझ्यासारख्या किती जणांचा अपमान होतो याचा कधी विचार केलास का? मला सगळ्यात भिडलं ते हे की ते 'मला वाईट वाटलं' एवढ्यावर थांबले नाहीत. ते मोठे होते, कोण काय बिघडवणार त्यांचं. ते बोलले ज्यांना टीव्ही नाही, शो नाही, नाव नाही त्यांच्यासाठी. मी तो व्हिडिओ मध्येच बंद केला आणि किती तरी वेळ मला ती लाल नखंच दिसत राहिली.

आता 'चित्रांगदा'. हा मी आईबरोबर बघितला, लॉकडाऊनमध्ये, लॅपटॉपवर. सबटायटल्स इंग्रजी आणि आईला ती पळती अक्षरं वाचता येत नाहीत, म्हणून मी शेजारी बसून मराठीत सांगत होते. रुद्र नावाचा नृत्य बसवणारा कलाकार, टागोरांची चित्रांगदा बसवतोय, मणिपूरच्या राजाची ती मुलगी जिला मुलगा म्हणून वाढवलं. रुद्रचं पार्थोवर प्रेम आहे, पार्थोला मुलं आवडतात, दोन पुरुषांना मूल दत्तक मिळत नाही, म्हणून रुद्र ठरवतो की ऑपरेशन करून बाई व्हायचं. ऋतुपर्ण हे काम इतकं हळू आवाजात करतात, कुठे रडारड नाही, हॉस्पिटलच्या कॉटवर पडून नुसतं खिडकीकडे बघत बोलणं.

आणि माझी पंचाईत व्हायला लागली ती क्रियापदांची. बंगालीत क्रियापदाला लिंग नाही. रुद्र आला, रुद्र आली, तिकडे एकच. ऋतुपर्ण गेले तेव्हा बंगाली माणसाला ते वाक्य बोलताना काहीच ठरवावं लागलं नसेल. मराठीत पावलोपावली ठरवावं लागतं. तो म्हणतो, ती म्हणते. गेला की गेली? आदराने 'गेले' म्हणून सुटता येतं, मी या पोस्टमध्ये तेच करतेय. आणि तिसरं 'ते गेलं' आहे की, पण ते आपण तान्ह्या बाळासाठी ठेवलंय, नाहीतर रस्त्यात कुणाला बघून 'ते बघ आलं' म्हणायला. त्या मुलाला आम्ही तसंच म्हणायचो.

तर मी सांगत होते आणि आई गुडघ्यावर हात ठेवून ऐकत होती. मग तो सीन आला, रुद्रची आई त्याला म्हणते की हे शरीर तुला मी दिलंय, त्यात काही बदलणार असेल तर ते कळायचा हक्क मला आहे. त्यात नको करू नाही, कर नाही, शाप नाही की आशीर्वाद नाही. फक्त मला सांग. माझा आवाजच फुटेना. आई म्हणाली, काय म्हणाली गं ती? सांग की. मी सांगितलं. आई काहीच बोलली नाही, चष्मा काढून पदराने पुसत बसली.

पुढे पार्थो सोडून जातो, सिनेमा संपला, मी लॅपटॉप मिटला. आई म्हणाली, "तू आधी 'तो' म्हणत होतीस, मधूनच 'ती' म्हणायला लागलीस." मला पत्ताच नव्हता. मी विचारलं, कधीपासून? तर म्हणाली, "काय माहीत, मला काही अडलं नाही."

मग दिवा मालवला, अंथरुणं पडली. मला वाटलं झोपली. बऱ्याच वेळाने अंधारातच तिचा आवाज आला.

"त्या शिंप्याचं पोरगं गं. दहावीनंतर गाव सोडून गेलं ते परत दिसलंच नाही. कुठं असेल गं ते लेकरू आता?"