डेक्सानं विरघळलेली गाठ आणि मोडू घातलेली सोयरीक

तासगावच्या आत्याच्या धाकट्या दिरांना मेंदूत गाठ निघाली. एमआरआय बघून डॉक्टरांना लिम्फोमाची, म्हणजे पांढऱ्या पेशींच्या कर्करोगाची, शंका आली, बायोप्सीची तारीख मिळाली आणि त्याच रात्री पै-पाहुण्यांच्या ग्रुपवर ‘मेंदूच्या लिम्फोमाचं सत्य’ येऊन पडलं. मजकूर थोडक्यात असा: हा रोग जनुकांचा, म्हणून घराण्यात चालतो, सोयरीक करताना चौकशी करा. बायोप्सीची सुई लागली की पसरतो. त्यापेक्षा डेक्साच्या (डेक्सामेथासोन या स्टेरॉइडच्या) गोळ्या घ्या, गाठ विरघळते. मूळ कारण मोबाईलचा टॉवर. प्रतिकारशक्ती वाढवा, हळदीचा काढा प्या. आत्याचा लगेच फोन, “बायोप्सी रद्द करायची का रे?”

अजिबात करायची नाही. मी मिरजेत पॅथॉलॉजीत आहे, दिवसभर काचपट्ट्याच बघतो, त्यामुळे या विषयावर जरा तोंड सोडतो.

आधी डेक्सा, कारण हा मुद्दा सगळ्यात घातक आहे. आणि नाइलाजानं कबूल करतो, गाठ खरंच विरघळते. कधी कधी स्कॅनवर दिसेनाशी होते. का, ते मात्र फॉरवर्डवाल्याला ठाऊक नाही. ही गाठ मेंदूच्या स्वतःच्या पेशींची नसतेच. ती बी-लिम्फोसाइटची असते, म्हणजे प्रतिपिंडं तयार करणाऱ्या कुळातल्या पांढऱ्या पेशीची. स्टेरॉइडनं लिम्फोसाइट पटापट मरतात, म्हणून गाठ आक्रसते. पण सगळ्या मरत नाहीत. काही आठवड्यांत, काही महिन्यांत ती परत येते.

मधल्या काळात बायोप्सी केली तर माझ्यासमोर काय येतं? एरवी या गाठीची काचपट्टी ओळखू येते. मोठ्या, जांभळट, गोल पेशी रक्तवाहिनीभोवती कडं करून बसलेल्या असतात आणि सीडी२० या बी-पेशीच्या खुणेचा रंग दिला की ते कडं तपकिरी होतं. डेक्सानंतर बऱ्याचदा उरतात त्या फक्त मेलेल्या पेशींचा कचरा गिळणाऱ्या फेसाळ पेशी आणि चार टी-लिम्फोसाइट, म्हणजे दुसऱ्या कुळातल्या पांढऱ्या पेशी. यावर लिम्फोमा असा रिपोर्ट कसा द्यायचा? आणि रिपोर्ट नाही तर मेथोट्रेक्सेट या केमोच्या औषधाचे मोठे डोस कोण सुरू करणार? खरा उपचार त्याच औषधाभोवती फिरतो. मेंदूवर जीवघेणा दाब आला तर डॉक्टर स्वतःच स्टेरॉइड देतात, ती गोष्ट वेगळी.

सुईनं पसरतो हे खोटं. सुईचा खरा धोका रक्तस्रावाचा. तो असतो, आणि डॉक्टर तो सांगूनच सही घेतात.

आता सोयरीक. इथं माझं डोकंच फिरलं, कारण दिरांच्या मुलीचं जमत आलेलं लग्न आहे आणि कुजबुज सुरू झाली आहे. बिघाड जनुकांत असतो हे खरं. पण तो कुठल्या पेशीत? बी-पेशी लसिकाग्रंथीत पक्व होताना प्रतिपिंडाच्या जनुकात मुद्दाम बदल करत जाते, नेम सुधारावा म्हणून. या खटाटोपात कधी भलत्याच जनुकांना धक्का लागतो. या गाठींपैकी निम्म्याहून अधिकांत एमवायडी८८ या प्रथिनात २६५ व्या जागी ल्युसिन या घटकाऐवजी प्रोलिन बसलेलं सापडतं, आणि ‘वाढा, जगा’ हा निरोप पेशीला अखंड मिळत राहतो. बी-पेशीवरच्या सीडी७९बी या प्रथिनातला बदल त्याला जोर देतो. पेशीची वाढ रोखणारं सीडीकेएन२ए हे जनुक गेलं की ब्रेकही गेला. अनेक गाठींत पेशीची ओळख बाहेर दाखवणाऱ्या एचएलए प्रथिनांचे जनुक गळतात, मग टी-पेशींना शत्रू ओळखताच येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या वर्गीकरणात मेंदू, डोळा आणि वृषण इथले हे लिम्फोमा एकत्र ठेवले आहेत ते याच साधर्म्यामुळे. प्रतिकारशक्तीचा पहारा या तिन्ही जागी सैल असतो. पेशी आधी बाहेर बिघडते की मेंदूत शिरल्यावर, यावर संशोधकांत वाद आहे. पण हे बदल वडिलांच्या एका पांढऱ्या पेशीत, जन्मानंतर घडलेले आहेत. ते मुलीत उतरायचे कुठून? प्रतिकारशक्तीचे काही दुर्मीळ जन्मजात आजार सोडले, तर हा रोग घराण्यात चालत नाही. तिच्या रक्ताची तपासणी मागणाऱ्या पाहुण्यांना चहा पाजून वाटेला लावा.

प्रतिकारशक्तीच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे. एचआयव्ही असलेल्यांत किंवा किडनी बदलून घेतलेल्यांत हा लिम्फोमा जास्त होतो, आणि त्यांच्या गाठीत बहुधा एप्स्टीन-बार विषाणू सापडतो. दिरांना यातलं काहीच नाही. आणि काढ्यानं ती शक्ती वाढत नाही. हळद सांगलीची असली तरी नाही. पोटातून घेतलेली हळद रक्तातच जेमतेम उतरते, मेंदूत काय पोचणार! टॉवरवर मी बोलणार नाही, वर सांगितलेले बदल टॉवरमुळे होतात असं कुणी दाखवलेलं नाही.

आत्या, दिरांनी डेक्सा आधीच सुरू केली असेल तर घाबरून एकदम बंद करू नका, तेही धोक्याचं. गोळ्यांचं पाकीट घेऊन उद्याच सर्जनना भेटा आणि कधीपासून, किती घेतल्या ते सांगा. बायोप्सीची तारीख मागं-पुढं करायची का, हे तेच ठरवतील.