धोंडो, पण कुणाला?

दुपारी अडीचला फोन वाजला. मी नुकतंच वरणभातावर लिंबू पिळलं होतं.

"सर, पार्सल है. नाम बताइए."

"धोंडो."

"वही तो ढूँढ रहा हूँ सर, नाम तो बताइए."

"अरे, नाम ही धोंडो है."

"सर, बिल्डिंग में चालीस फ्लॅट हैं. कितना ढूँढो?"

शेवटी उष्ट्या हाताने खाली गेलो. पोरगा गेटपाशी घामाघूम उभा. पाकिटावर माझं नाव 'डोंडू' असं छापलेलं. त्याने एकदा पाकिटाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि मनापासून विचारलं, "सच में?"

सच में. त्रेचाळीस वर्षांपासून.

सांगायला बसलो तर रात्र पुरायची नाही. माझं आधार धोंडोचं, पॅन धोंडूचं आणि गॅसचं पुस्तक 'धोंडे' यांच्या नावावर. हे तिघे एकच इसम आहेत असं प्रतिज्ञापत्र मी आजवर चार वेळा केलंय. नोटरी आता मला बघितलं की न विचारता स्टॅम्पपेपर काढतो. मोबाईलला तर माझं नाव लिहायचंच नसतं, तो परस्पर दुरुस्ती करतो. गेल्या वाढदिवसाला ऑफिसच्या ग्रुपवर साहेबांचा संदेश आला : 'प्रिय कोंडा, उदंड आयुष्य लाभो.' त्याखाली सतरा जणांनी केकची चित्रं टाकली. एकालाही काही खटकलं नाही.

शाळेत तर वाक्प्रचारांचा धडा आला की माझ्या पोटात गोळा यायचा. 'पायावर धोंडा पाडून घेणे : अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा.' अख्खा वर्ग माझ्याकडे वळायचा. शेजारच्या बाकावरच्या मुलाने चाचणीत लिहिलं होतं, 'मी धोंडोशी मैत्री केली आणि पायावर धोंडा पाडून घेतला.' बाईंनी त्याला दोनपैकी दोन दिले. व्याकरणाच्या दृष्टीने चूक काढायला जागा नव्हती, हे मला आज मान्य आहे. आणि पाऊस लांबला की निराळंच. मामाच्या गावी एका पोराला कडुलिंबाचा पाला गुंडाळून दारोदार फिरवायचे, आयाबाया त्याच्या डोक्यावर तांब्याने पाणी ओतायच्या आणि बाकीची पोरं ओरडायची, 'धोंडी धोंडी पाणी दे!' तो पोरगा कोण असायचा, हे वेगळं सांगायला नको. गावात धोंडो हजर असताना दुसऱ्याला पाला कशाला बांधायचा? सर्दी मला. पाऊस आला तर श्रेय ग्रामदैवताला.

कॉलेजात गेल्यावर मी आधार शोधू लागलो. थोरामोठ्यांत कुणीतरी धोंडो असेलच की! होते. भरपूर होते. पण बारकाईने बघितलं आणि लक्षात आलं की सगळ्यांनी शिताफीने पळ काढलेला आहे. धोंडो केशव कर्वे. त्यांना धोंडो म्हणतं कोण? महर्षी, नाहीतर अण्णासाहेब. सत्तावनच्या उठावातले नानासाहेब पेशवे म्हणजे मूळचे धोंडोपंत. पण धोंडोपंत म्हटलं की लोकांना देशस्थ मास्तर आठवतो, पेशवा आठवत नाही. कानपूरनंतर ते जे नाहीसे झाले ते झालेच. इंग्रजांनी बक्षीस लावलं, वर्षानुवर्षं 'ढूँढो, ढूँढो' केलं, हाती काही लागलं नाही. माझ्या कुरिअरवाल्याची दशा त्यांना चांगली समजली असती. आमच्या चुलतघराण्यातलं, म्हणजे दगडू हे नावही असंच. दगडू मारुती पवार साहित्यात आले ते दया पवार होऊन.

एकट्या धोंडूताई कुलकर्णी तेवढ्या डगमगल्या नाहीत. केसरबाई केरकरांच्या शिष्या, जयपूर-अत्रौली घराण्याच्या गायिका. शेवटपर्यंत धोंडूताई. त्यांचं नाव ऐकलं की मी खुर्चीत जरा सरळ बसतो.

बाकीचे धोंडो कुठे गेले? ते मधल्या नावात जाऊन बसले. र. धों. कर्वे, ना. धों. महानोर. आपल्याकडे बापाचं नाव मध्ये घालायची रीत आहे म्हणून हा एवढा 'धों.' तरी शिल्लक राहिला. कवितेचं पुस्तक उघडायचं आणि त्या अनुस्वाराकडे बघत बसायचं, अशा माझ्या काही संध्याकाळी गेलेल्या आहेत.

तेविसाव्या वर्षी मी ठरवलं, बास. राजपत्रात जाहिरात देऊन नाव बदलायचं. नवीन नाव ध्रुव. आद्याक्षर तेच, सही फारशी बदलायची नाही. नावांच्या एका जाड पुस्तकात मी आधी खात्रीही करून घेतली होती : त्यात 'धैर्यशील'नंतर थेट 'ध्रुव' होता. मधली माझी जागा संपादकाने गाळली होती. म्हणजे छापखान्याच्या हिशेबी मी नव्हतोच, मग बदलायला हरकत कसली?

अर्ज घेऊन ओट्यावर भरत बसलो. एका रकान्यात अडलो. 'नाव बदलण्याचे कारण.'

आजी शेजारी शेंगा फोडत होती. म्हटलं, "आजी, कारण काय लिहू?"

"नाव ठेवायचं कारण लिहितात का रं त्यात?"

"नाही."

"मग अर्धाच कागद हाय त्यो," असं म्हणून तिने आणखी दोन शेंगा फोडल्या, आणि मला पहिल्यांदा सगळं सांगितलं. माझ्याआधी आईची दोन मुलं गेली. एकाचं नाव राजेंद्र ठेवलं होतं, दुसऱ्याचं विजय. दोन्ही भारी नावं, दोन्ही महिन्याभरातली. तिसऱ्या वेळी आजीने बारशाचा ताबा घेतला. पाळण्यावर झालर नाही, पेढे नाहीत, गालाला काजळाचा हा एवढा डाग. आत्याने कौतुकाने 'युवराज' सुचवलं, तर आजी तिच्या अंगावर गेली. "चांगल्या नावाची पोरं देवाच्या डोळ्यात भरत्यात. दगडाला कोन न्येतंय? यमाला बी दात हायेत की!"

म्हणजे माझं नाव हा विम्याचा हप्ता होता. फक्त भरायचा मी होतो.

हे काही आमच्याच घरचं वेड नव्हे. जुन्या मतदार याद्या काढा. दगडू, धोंडिबा, कचरू, केरू, भिकाजी, फकिरा यांची रांग लागते. आईबापांनी जाणूनबुजून कमी भावाची पाटी लावून लेकरू लपवलेलं असायचं. पोरगं जगावं म्हणून त्याला दगड म्हणायचं, ही माया. पण त्याच घरात तिसरी-चौथी मुलगी झाली की तिला 'नकुशी' म्हणायचे, ते मात्र खरोखरच नको असायची म्हणून. २०११ साली सातारा जिल्ह्यात अडीचशेच्या वर नकुशींची नावं समारंभ करून बदलली, तेव्हा मी वर्तमानपत्र वाचून बराच वेळ गप्प बसलो होतो. आपलं गाऱ्हाणं कुणापुढे मांडायचं याला काही मर्यादा असावी.

आणि गुण येतो, बरं का. कर्वे घ्या. १८५८चा जन्म, १९५८ला भारतरत्न, १९६२ला वयाची एकशे चार वर्षं पुरी करून निधन. आजीला हा हिशेब सांगितला तर ती म्हणाली, "बघ." अर्ज तसाच राहिला. पुढे त्याच कागदावर आईने पापड वाळत घातले.

लग्न जमवताना मात्र विम्याचा उपयोग नव्हता. स्थळं फोटो पाहून होकार द्यायची आणि नाव ऐकून पत्रिका जुळत नाही म्हणायची. एका होऊ घातलेल्या सासऱ्यांनी तर स्वच्छच सांगितलं, "मुलीच्या गळ्यात धोंड बांधल्यासारखं व्हायचं हो." अखेर २०११मध्ये जिने माळ घातली, तिला मी नावाबद्दल आधीच सावध केलं होतं. ती म्हणाली, हाक 'अहो'चीच मारायची आहे ना, मग काय फरक पडतो? फरक उखाण्याच्या वेळी पडला. घास भरवताना तिच्या मामीने अडवलं. बायको दोन क्षण विचारात पडली आणि ठणठणीत आवाजात म्हणाली :

'नदीला आला पूर, वाहून गेली वाळू,
धोंडोराव बसले मध्येच, आता कुठे पळू?'

मांडवात शिट्ट्या वाजल्या. त्या दिवशी मला कळलं, संसार होईल.

पुढच्याच वर्षी अधिक भाद्रपद आला. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा अकराएक दिवसांनी मागे पडतं, ती तूट भरायला साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक जादा महिना येतो. त्यात लग्न नाही, मुंज नाही, कसलंच शुभकार्य नाही. म्हणून लोक त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. कुणालाच नको असलेल्या या महिन्याला विष्णूने स्वतःचं नाव दिलं, पुरुषोत्तम मास. ही कथा वाचल्यापासून त्या महिन्याबद्दल मला भाऊबंदकीची माया आहे. तर, या महिन्यात जावयाला बोलावून वाण द्यायचं आणि पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे. धोंड्याच्या महिन्यात, धोंड्यांच्या जेवणाला, जावई धोंडो! सासुरवाडीचा आनंद पोटात मावेना. तबकात तेहतीस अनारसे, वर दिवा, समोर गल्लीतल्या सगळ्या बायका.

"जावईबापू, एक धोंडा घ्या अजून," सासूबाई तूप ओतत म्हणाल्या.

"एका घरात किती धोंडे?" मेव्हणा.

सासरे शांत, सरळ माणूस. विनोदाच्या वाटेला न जाणारे. त्यांनी चष्मा सारखा केला आणि म्हणाले, "खाऊ द्या रे. आपल्याच जातीचं खातोय बिचारा." त्यानंतर २०१५, २०१८, २०२०, २०२३. हे वाक्य दर अधिकात होतं. ते म्हणून झाल्याशिवाय ताट वाढत नाहीत.

मुलगी झाली तेव्हा मी बजावून सांगितलं, नाव साधं, सुटसुटीत, चारचौघांसारखं पाहिजे. आरोही ठेवलं. इतकं चारचौघांसारखं निघालं की तिच्या वर्गात पाच आरोही निघाल्या. दोघींचं तर आडनावही एकच. बाईंनी हजेरीपुरती सोय म्हणून बापाच्या नावाने ओळखायला सुरुवात केली : आरोही अमित, आरोही सचिन, आरोही दुसरी अमित. आमची आरोही धोंडो. त्यातलं आरोही पहिल्या आठवड्यातच गळालं.

परवा स्नेहसंमेलनाला गेलो होतो. मागच्या रांगेत खुर्ची मिळाली. मंचावर लेझीम मांडून झालेलं, आणि एक बाई माईक हातात धरून, विंगेकडे बघत, रागारागाने ओरडल्या, "धोंडो! कुठे उलथलीस? लगेच स्टेजवर ये!"

चाळीस वर्षांची सवय. मी उठून उभा राहिलो.