मेन्यूत किलोमीटर आहेत, रुपये नाहीत

आज दुपारी कोथिंबीर वडी खाल्ली. चार वड्या, 545 रुपये. म्हणजे एक वडी 136 रुपयांची, वर चार आणे. आता रात्रीचे साडेदहा वाजलेत. वडी केव्हाच जिरली, बाकीचं काही जिरत नाहीये, म्हणून लिहायला बसलेय.

झालं असं की आमच्या बँकेच्या शाखेतल्या एकीची बदली झाली. निरोपाचं जेवण कुठं, यावर ग्रुपवर दोन दिवस चर्चा. शेवटी नव्या पोरांचं ऐकून कोरेगाव पार्कातल्या एका ‘फार्म टू टेबल’, म्हणजे थेट शेतातून ताटात म्हणवणाऱ्या, ठिकाणी गेलो. नाव सांगत नाही, सांगून काय करायचंय. आत शिरल्याबरोबर भिंतीवर विळा, टोपल्या, आणि एक मोठ्ठा कृष्णधवल फोटो. फोटोत फक्त हात. मातीनं भरलेले, भेगाळलेले, मुठीत मुळासकट पालेभाजी. हातांचा मालक फ्रेमच्या बाहेर.

मेन्यूत प्रत्येक पदार्थाखाली बारीक अक्षरांत माल कुठून आला ते. इंद्रायणी तांदूळ मावळ, 58 कि.मी. अंजीर पुरंदर, 36 कि.मी. कोथिंबीर मुळशी, 42 कि.मी. आमची मंडळी खूश. ‘बघा, किती ट्रान्सपरंट आहेत.’ मी गप्प होते. खरंच गप्प होते, विचारा कुणालाही.

मग वेटर वड्या घेऊन आला. काळ्या दगडावर चार वड्या, बाजूला शेंगदाण्याच्या ठेच्याचा चुरा, वर जांभळं फूल. आणि म्हणाला, ‘मॅम, ही कोथिंबीर आज सकाळी सहाला आमच्या शेतकऱ्यानं हातानं तोडलीय.’

कोथिंबीर तोडत नाहीत हो. उपटतात.

एवढंच होतं खरं तर. त्या पोराचा काय दोष, त्याला जे पाठ करून दिलं ते त्यानं म्हटलं. पण माझं जेवणातलं लक्ष तिथंच उडालं आणि मी थेट 1997 च्या दिवाळीच्या सुट्टीत, जुन्नरकडच्या आमच्या वावरात जाऊन पोचले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. धने चपलेखाली रगडून त्याचे दोन भाग करायचे, मग पेरायचे. सव्वा-दीड महिन्यात काढायला येते. बायका ओळीनं बसून उपटतात, पाटाच्या पाण्यात मुळं खळबळून माती काढतात, जुडी बांधतात. शंभर जुड्यांचा एक डाग. भाव जुडीवर नसतो, शेकड्यावर असतो. त्या दिवशी आमचे सहा डाग होते. अण्णा, म्हणजे माझे वडील, रात्री टेम्पोत डागांवर बसून पुण्याला, गुलटेकडीच्या बाजारात निघाले आणि मी हट्टानं सोबत गेले. सातवीत होते. पेशवे पार्कातली फुलराणी, ती मुलांची छोटी आगगाडी, दाखवतो असं त्यांनी कबूल केलं होतं.

पहाटे मार्केट यार्डात बघावं तिकडं कोथिंबीर. सगळ्या जिल्ह्यानं एकाच दिवशी उपटली होती की काय कोण जाणे. शेकडा 40 रुपये. सहाशे जुड्यांचे 240. त्यातून टेम्पोचं भाडं 120, हमाली-वाराई 24, आडत म्हणजे दलालाचं कमिशन 19. हातात आले 77. उपटायला लावलेल्या चार बायकांची मजुरीच 100 रुपये द्यायची होती घरी.

आडत्यानं या हिशेबाची पट्टी अण्णांच्या हातात दिली. पातळ पिवळट कागद, खाली कार्बनची निळी अक्षरं. अण्णांनी ती वाचली, मग घडी घातली, घडीची घडी घातली, पुडीएवढी झाली तशी खिशात सरकवली. एक शब्द बोलले नाहीत.

तर आज. मी वेटरला विचारलं, ‘मुळशीत कुठलं गाव? कुणाचं शेत?’ तो आत जाऊन आला. ‘मॅम, आमचे सप्लायर मुळशीचे आहेत.’ दोन मिनिटांपूर्वीचा ‘आमचा शेतकरी’ आतल्या दारातून बाहेर येईपर्यंत सप्लायर झाला होता. मी म्हटलं, ‘त्यांना जुडीला काय देता?’ टेबलावर शांतता. शेजारचीनं टेबलाखालून माझा पाय दाबला. जिची बदली झालीय ती म्हणाली, ‘अगं, जाऊ दे ना, वडी छान आहे.’

छान होती. कबूल. बाहेरून कुरकुरीत, आत मऊ, आणि बेसनाचा मारा नाही, कोथिंबिरीची चव लागत होती. नाचणीचा पावही चांगला होता. जेवण वाईट होतं असं माझं म्हणणंच नाही, त्यामुळे कमेंटमध्ये ‘मग गेलात कशाला’ असं कुणी लिहू नका.

थोड्या वेळानं आतून शेफ स्वतः आला. तिशीचा मुलगा, नम्र, मराठी बोलणारा. मी भांडायच्या तयारीत होते. तो म्हणाला, ‘ताई, पालेभाजीचा आमचा वर्षाचा दर ठरलेला आहे. जुडीला बारा रुपये. बाजार पडला तरी बारा, चढला तरी बारा. गाडी आमची जाते. आडत नाही, हमाली नाही.’

मी काय बोलणार? बारा रुपये. बांधावर. गाडी त्यांची. त्या पहाटे अण्णांना कुणी याच्या चौथाई भावानं वर्षभर घेतो म्हटलं असतं ना, तर ते त्याच्या पाया पडले असते. माझा आवाजच बसला. त्यानं मग कॅलिफोर्नियातल्या ॲलिस वॉटर्सबाईंचं सांगितलं, 1971 साली त्यांनी बर्कलीत हॉटेल काढलं, मग मधले लोक गाळून थेट शेतावरून घ्यायला लागले, तिथून हे सगळं सुरू झालं वगैरे. अभ्यास होता मुलाचा. मी ‘छान’ म्हटलं, तो गेला. मंडळींनी सुस्कारा सोडला.

पण घरी येताना रिक्षात परत डोकं तापलं. अरे, बारा रुपये देता ना? मग छापा की! 42 किलोमीटर छापता, अंजिराचं गाव छापता, मीठ कुठल्या मिठागरातलं ते छापता. बारा रुपयांनाच काय धाड भरली? मी विचारलं नसतं तर टेबलावरच्या सहा जणांपैकी एकालाही कळलं नसतं, आणि खरं सांगायचं तर बाकी पाच जणांना ते जाणून घ्यायचंही नव्हतं. कोथिंबीर किती प्रवास करून आली याचं आपल्याला कौतुक, केवढ्याला आली ते विचारलं की टेबलाखालून पाय दाबतात.

का छापत नाहीत ते मला कळतं. 545 च्या शेजारी 12 बरा दिसत नाही. एका जुडीत किती वड्या होतात ते आपल्या सगळ्यांच्या आया सांगतील. आता भाडं, गॅस, पगार, एसी, तो काळा दगड, सगळं त्या 545 मध्ये बसतं हे मान्य. बँकेत आहे मी, खर्चाचा ताळेबंद मला शिकवू नका. 1997 च्या भावानं 545 रुपयांत 1,362 जुड्या आल्या असत्या, हा हिशेबही मी रिक्षात केला आणि महागाई धरायला हवी म्हणून स्वतःच सोडून दिला.

पण मग त्या पट्टीचं काय? आमच्या पट्टीवर सगळं लिहिलेलं असायचं. भाव, भाडं, हमाली, आडत, हाती किती. लुबाडणूक होती, पण लिहून केलेली लुबाडणूक होती. (आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची हा नियम आपल्याकडे 2016 साली आला. अण्णांनी तोपर्यंत कोथिंबीर करणं सोडलं होतं.) आई त्या पट्ट्या चुलीमागच्या तारेला ओवून ठेवायची. धुरानं काळ्या झालेल्या, तरी वाचता यायच्या.

बिल आलं तेही पट्टीसारखंच. जेवण 12,400. सर्व्हिस चार्ज 10 टक्के, 1,240. मग सीजीएसटी अडीच, एसजीएसटी अडीच. एकूण 14,322. सर्व्हिस चार्ज मी काढायला लावला. तो असा परस्पर लावता येत नाही, 2022 पासून ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या सूचना आहेत आणि गेल्या वर्षी, 2025 च्या मार्चमध्ये, दिल्ली उच्च न्यायालयानंही त्या उचलून धरल्या. 13,020 झाले, माणशी 2,170. वेटरच्या हातात वेगळे ठेवले, ते सांगायला नको. तर गिऱ्हाइकाच्या बाजूची पट्टी पैशापर्यंत चोख. दुसऱ्या टोकाला फोटो. नुसते हात.

हे लिहिताना जरा थांबले होते, कारण फ्रीज उघडला. परवा ॲपवरून भाजी मागवली तेव्हा सोबत आलेली कोथिंबीर, पिशवीसकट, काळी पडलेली. फुकट आली होती. मी अण्णांची मुलगी, आणि मला ती फुकट आली याचं काही वाटलं नव्हतं. त्याआधी मंडईतही ‘मावशी, थोडी कोथिंबीर टाका वरून’ हे वाक्य मी आयुष्यभर म्हणत आलेय. तो शेफ निदान बारा तरी देतो.

असो. फुलराणीचं राहिलंच. अण्णांनी शब्द पाळला. मला एकटीला गाडीत बसवलं आणि स्वतः कडेच्या कट्ट्यावर बसले. पहिल्या फेरीला त्यांनी हात हलवला. पुढच्या वळणावरून पाहिलं तर बसल्या जागी झोपलेले, मान छातीवर, एक हात वरच्या खिशावर. रात्रभर डागांवर बसून आलेला माणूस. मी परत आल्यावर किती तरी वेळ त्यांना उठवलंच नाही.

मघाशी त्यांना फोन केला. शहात्तर वर्षांचे आहेत, ऐकू कमी येतं, म्हणून ओरडून सगळं सांगितलं. दगडावर वडी, जांभळं फूल, 545. हसले. मला वाटलं चिडतील, आकडा ऐकून काहीतरी बोलतील. काही नाही. मग बारा रुपयांचं सांगितलं. वर्षभर बारा, गाडी त्यांची, आडत नाही. तिकडून बराच वेळ काही आवाज नाही. मला वाटलं फोन कट झाला.

‘अन् जुडी केवढी बांधून घेत्यात?’

मी विचारलंच नव्हतं.