दरडीआधी निघायचं, हे घरात आजच ठरवा

‘दरड अचानक कोसळली’ असं वाचलं की मला राग येतो. कोसळते ती क्षणात, पण उतार बऱ्याचदा आधीपासून सुटत आलेला असतो. पाणी मुरलं की मातीच्या कणांमधल्या पोकळ्या भरतात, आतला दाब वाढतो, कणांची पकड ढिली होते. वर ओल्या मातीचं वजन. त्यात रस्त्यासाठी किंवा घरासाठी पायथा उभा कापलेला असला, तर खालून आधारच उरत नाही. आणि पाऊस थांबला म्हणजे धोका टळला असंही नाही. मुरलेलं पाणी आत असतंच.

उतार सुटतोय याच्या खुणा बऱ्याचदा दिसतात. जमिनीत नवी भेग पडून रुंदावते. कालपर्यंत नीट लागणारं दार अडकायला लागतं. झाडं, विजेचे खांब कलतात, कोरड्या जागी झरा फुटतो. सगळ्यात फसवी खूण ओढ्याची. पाऊस चालू असताना पाणी एकदम ओसरलं की लोकांना हायसं वाटतं, पण वर कुठेतरी दरडीने ओढा अडवलेला असू शकतो. तो बांध फुटला की चिखल, दगड, झाडं सगळं एकदम खाली येतं.

रायगडमधल्या इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ ला दरड आली ती रात्री. केरळमधल्या वायनाडमध्ये ३० जुलै २०२४ ला, मध्यरात्र उलटल्यावर. माणसं झोपेत होती. म्हणून टॉर्च, औषधं, कागदपत्रांची पिशवी हवीच, पण माझ्या मते खरी तयारी वेगळी आहे: काय दिसलं की निघायचं, कुणाकडे जायचं, म्हाताऱ्या माणसांना कोण धरणार, हे आधी ठरलेलं असणं. इशारा आला की दिवसाउजेडीच निघा. काहीच घडलं नाही तर दुसऱ्या दिवशी परत या, त्यात लाज कसली? स्वित्झर्लंडमधलं ब्लाटेन मे २०२५ मध्ये बर्फ आणि दगडमातीखाली गेलं, पण सुमारे ३०० गावकऱ्यांना काही दिवस आधीच हलवलं होतं. घरं गेली, गाव जगलं.

निघायला उशीर झालाच, तर ओढ्याच्या काठाने खाली पळू नका. दरडीच्या वाटेतून बाजूला, उंचावर जा. आणि सामानासाठी लगेच मागे फिरू नका. वायनाडमध्ये पहिल्या दरडीनंतर काही तासांतच पुन्हा दरड आली होती.