‘अबाइड विथ मी’ आणि वॉशिंग्टनचा बँड

जानेवारी आला की घरच्यांशी फोनवर बोलताना एक वाद हमखास निघतो. दिल्लीच्या विजय चौकात २९ जानेवारीला होणाऱ्या बीटिंग रिट्रीटमधून, म्हणजे प्रजासत्ताक दिनाच्या सोहळ्याची सांगता करणाऱ्या लष्करी बँडच्या कार्यक्रमातून, २०२२ मध्ये ‘अबाइड विथ मी’ ही गांधीजींची आवडती ख्रिस्ती प्रार्थना वगळली. पुढच्या वर्षी तर सगळ्याच धुनी भारतीय झाल्या. काकांच्या मते साहेबाचं ओझं उतरलं. मला मात्र वाईट वाटतं. गांधीजींच्या पुण्यतिथीच्या आदल्या संध्याकाळी ती धून वाजायची, याला अर्थ होता.

वॉशिंग्टनमध्ये राहून माझं मत अधिकच पक्कं झालंय. इथला मरीन बँड, म्हणजे अमेरिकेच्या मरीन सैन्यदलाचा बँड, १७९८ सालचा. वादक कमी पडले तेव्हा १८०५ मध्ये थेट सिसिलीहून आणले. जॉन फिलिप सूझा हा त्यांचा सर्वांत नामवंत बँडमास्तर. त्याचे वडील पोर्तुगीज वंशाचे, याच बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवायचे; आई जर्मन. पोरगा तेराव्या वर्षी तिथेच शिकाऊ म्हणून लागला आणि १८८० ते १८९२ बँड त्याच्या हाताखाली होता. आणि राष्ट्रगीत? १८१४ मध्ये इंग्रजांनी हे शहर जाळलं. त्यानंतर काही आठवड्यांतच लिहिलेले ते शब्द बसले एका इंग्रजी गाण्याच्या चालीवर! चाल शत्रूची म्हणून बदला, असं इथे मी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही.

आपलं दुखणं वेगळं आहे, हे मान्य. आपण गुलामी सोसली. रागांवर बांधलेल्या धुनी पितळी वाद्यांवर ऐकताना मलाही अभिमान वाटतो. पण नवी धून आणायला जुनी हाकलावी लागत नाही. ट्रम्पेट, क्लॅरिनेट तरी कुठली? १७९८ मध्येच तंजावरच्या गादीवर बसलेल्या सरफोजीराजांनी पाश्चात्त्य वाद्यांचा बँड दरबारात उभा केला. त्या मराठी राजाला त्यात कमीपणा वाटला नाही.

मला खरी तळमळ आहे ती वेगळ्याच गोष्टीची. उन्हाळ्यात मरीन बँड कॅपिटॉलच्या आवारात फुकट वाजवतो. शुक्रवारी संध्याकाळी बराकीत संचलन असतं, तेही फुकट. गर्दी घड्या घालायच्या खुर्च्या घेऊन येते, पोरं गवतात लोळत ऐकतात. भारतातून आलेल्या आई-वडिलांना घेऊन आमची मराठी मंडळीही जातात. आपल्याकडे मात्र लष्करी बँड बहुतेकांना वर्षातून एकदा, टीव्हीवर दिसतो. पुण्यात दक्षिण कमांडचं मुख्यालय आहे, मुंबईत कूपरेजच्या बागेत बँडस्टँड आजही उभा आहे. दर आठवड्याची एक संध्याकाळ ठरवून तिथे लष्कराचा बँड का वाजू नये? त्या कार्यक्रमात ‘कदम कदम बढाये जा’ही असावं आणि ‘अबाइड विथ मी’ही. काकांनाही मी हेच सांगितलंय. बागेतल्या बँडच्या कल्पनेला त्यांचा विरोध नाही. धुनींच्या यादीवर आमचं भांडण अजून चालू आहे.